टाचणीनं घातलेली कडी

...तर मालक आत चढले, दार ओढून घेतलं आणि आतूनच ओरडले, "कडी घातली का?" टाचणीनं बाहेरून कडी सरकवली, पिळली, वर एक चापट मारली आणि सांगितलं, "घातली!"

काल गोष्ट इथं थांबली होती. थांबायला ती जागा काही बरी नव्हती, कारण तेव्हापासून माणूस आत कोंडलेला आहे. आज त्याला बाहेर काढू. पण इतक्यात नको. थोडा वेळ आत असलेलाच बरा. आधी तो तिथं गेला कशाला आणि कडीवरच्या त्या चापटीत एवढा जोर आला कुठून, ते ऐका.

घरगाडी म्हणजे चाकांवरची खोली. आत पलंग, टेबल, शेगडी, भांड्यांचं कपाट, खिडकीला पडदे, सगळं असतं. नसतं ते फक्त इंजिन. जीपच्या मागं हुकात अडकवायची आणि ओढत न्यायची. मालकांच्या यार्डात अशा घरगाड्या ओळीनं उभ्या असायच्या. सुट्टीवर जाणारी माणसं त्या भाड्यानं न्यायची, काही जण विकतही घ्यायचे.

या घरगाड्यांच्या दारांना एक वाईट खोड होती. रस्त्यात खड्डा आला की दार आपोआप उघडायचं. एका गाडीचं दार तर आरशासकट कुठं पडलं, ते शेवटपर्यंत सापडलं नाही. तेव्हापासून मालकांनी प्रत्येक दाराला बाहेरून लोखंडी कडी ठोकून घेतली. आणि नियम केला की कडी घातल्याचं ओरडून सांगितल्याशिवाय गाडी हलायची नाही. "कडी घातली का?" "घातली!" दिवसभर यार्डात हाच घोष चालायचा. तो सगळ्यांच्या हाडात इतका मुरला होता की तिथला रंगारी घरून निघतानासुद्धा बायकोला विचारायचा, कडी घातली का? बायको म्हणायची, घातली, आणि आता उघडायची की नाही ते संध्याकाळी ठरवीन.

टाचणी या यार्डात गाद्या शिवायची. हे नाव तिला कुणी ठेवलं कोण जाणे, पण बसलं चपखल. तोंडात टाचण्या धरून काम करायची आणि तशीच बोलायची. टाचण्या काढून बोलली की मग जास्त टोचायचं. स्पंज कापायला तिच्याकडं पाव कापायची लांब दातेरी सुरी होती. वाकडी सुई होती, जिनं गादीची कड एका बाजूनंच शिवता येते. अंगठ्यावर चामड्याचा तुकडा. तिनं भरलेल्या गादीवर बसलं की माणूस उठायचं नाव काढायचा नाही. घरगाडीतल्या प्रत्येक पलंगाची गादी तिच्या हातची, आणि तिला त्याचा अभिमान होता. पुढं त्याच अभिमानाचे काटे झाले.

तिची थोरली बहीण पोस्टात होती. घरोघर टपाल वाटायची. दिवसभर पायांवर, आणि पाय असे की रस्त्यानं तिच्याबरोबर चालणाऱ्याला धावावं लागायचं. ताईचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. डोळ्याला भिंग लावून बसलेला, अबोल, पण कानाचा मोठा तल्लख. घड्याळ कानाशी धरून सांगायचा की यातलं तिसरं चाक थकलंय. टाचणी त्याला भाऊजी म्हणायची आणि त्या काळात दोघांचं बरं जमायचं. ती चिडवायची, "भाऊजी, माझ्या डोक्यातलं चाक ऐका बरं कसं चालतंय." तो कान देऊन म्हणायचा, "चालतंय कुठं, पळतंय."

टाचणीच्या ओळखीनंच या दोघांनी एकदा घरगाडी नेली. निघायच्या दिवशी ताईला कणकण होती. मालक स्वतः फाटकापाशी उभे होते. म्हणाले, "अहो, मग जीपमध्ये कशाला अवघडून बसता? आत पलंग आहे. गादी तुमच्याच बहिणीच्या हातची. मस्त झोपून जा. अगदी घरासारखं!" घरासारखं हा त्यांचा आवडता शब्द. टाचणी शेजारीच होती. तिनंच ताईला हात देऊन आत चढवलं, अंगावर पांघरूण घातलं. रंगाऱ्यानं कडी घातली आणि सांगितलं, "घातली!"

उताराच्या रस्त्यावर घरगाडीनं शेपूट हलवायला सुरुवात केली. पाण्याची टाकी मागं, सामान मागं, पलंगही मागंच. मग मागचा भार डावीकडं-उजवीकडं झोके घेऊ लागतो आणि प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा. ताई पलंगावरून फेकली गेली. भिंतीवरचं कपाट तिच्या कमरेवर आलं. पट्टा नाही, धरायला दांडी नाही, आणि दाराला बाहेरून कडी. ती भिंत बडवत राहिली. भाऊजी गाडी चालवत राहिले. पुढं पेट्रोल भरायला थांबले, हिला काय हवंय विचारावं म्हणून दार उघडलं, आणि मग सगळं कळलं.

ताईच्या कमरेचं हाड जे मोडलं ते नीट जुळलंच नाही. टपाल सुटलं. पोस्टानं तिला खिडकीमागं बसवलं, तिकिटं विकायला. काठी आली. रस्त्यानं जाताना आता इतर माणसं तिच्यासाठी थांबायची.

आणि मालक? यार्डात सगळ्यांसमोर हात झटकून मोकळे झाले. "चालत्या गाडीत आत बसायला सांगितलं कुणी? आम्ही कुणाला सांगतच नाही. आणि बाईसाहेब पलंगावर पडून असत्या तर काही झालं असतं का? उठून नाचत असणार!"

त्या शब्दानं टाचणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अंगात ताप असलेली बहीण, आणि म्हणे नाचत असणार! पण तोंडातल्या टाचण्या तिनं काढल्या नाहीत. सगळ्यांना वाटलं, आता ही काम सोडणार. ही कसली सोडते! ती रोज वेळेवर यायची, मालकांना "नमस्कार मालक" म्हणायची आणि मनात डूख धरून गादी शिवायची. रंगाऱ्यानं विचारलंही, "तुला त्याचं तोंड बघवतं कसं गं?"

"मुद्दाम बघते. नाही बघितलं तर विसरेन."

बारीकसारीक उट्टी ती काढत होतीच. मालकांच्या ऑफिसातल्या खुर्चीची गादी तिनं नवीन शिवून दिली, आणि डाव्या बाजूला बोटभर जास्त भरलं. डोळ्याला दिसणार नाही, पण बुडाला कळेल इतकंच. मालक वाकडे बसू लागले. वाकडे चालू लागले. पाठीला तेलं झाली, शेक झाले, डॉक्टर झाले. डॉक्टरांनी सांगितलं, वय झालं. टाचणीनं ते ऐकून घरी जाऊन दोन घास जास्त खाल्ले.

पण खरं सांगायचं तर तिचा राग एका माणसावर नव्हता, दोघांवर होता. दुसरे भाऊजी. ते एकच सांगायचे, "मला काही ऐकू आलं नाही. ऐकू आलं असतं तर थांबलो नसतो का?" ताईचा त्यावर विश्वास होता. टाचणीचा मुळीच नव्हता. घड्याळाच्या पोटातलं चाक ऐकणारा माणूस, आणि बायको हातभर मागं भिंत बडवतेय ते ऐकू येत नाही? गाणी लावून बसला असेल, नाहीतर ऐकूनही म्हणाला असेल, पोचल्यावर बघू. ती भाऊजींशी बोलायची बंद झाली. बहिणीकडं जायची मात्र नेमानं, आणि भाऊजी शेजारी बसलेले असताना म्हणायची, "ताई, तुझ्या नवऱ्याला सांग, पाय जरा आवरायला." भाऊजी पाय आवरायचे आणि म्हणायचे, "तुझ्या बहिणीला सांग, आवरले." मध्ये बसून ताई वैतागायची. "अरे, मी आता पोस्टाच्या खिडकीत बसते, घरी तरी टपाल वाटायला लावू नका!" अशी वर्षं गेली.

आता मालक आत कसे शिरले ते ऐका.

यार्डात नवी मोठी घरगाडी आली होती. गावाबाहेरच्या मैदानावर ती मांडायची होती. गिऱ्हाइकं बोलावलेली. जीपचा रोजचा ड्रायव्हर दुसरी गाडी घेऊन आधीच पुढं गेलेला. टाचणी जीप चालवायची, स्पंजचे गठ्ठे आणायला तीच जायची, तेव्हा ही मोठी घरगाडी ओढायचं काम तिच्याकडं आलं. पुढच्या सीटवर तिचे पडद्यांचे दांडे, उश्या, गाद्या कोंबलेल्या. आणि मालक आले उशिरा, दाढी वाढलेली, हातात नव्या सुटाची पिशवी.

"मालक, पुढं जागा करू का?" टाचणीनं विचारलं.

"राहू दे. मी आतच बसतो. जाता जाता दाढीही होईल, कपडेही बदलतो. पोचल्यावर तयार."

"चालत्या गाडीत?"

"अगं, घरासारखं आहे!"

टाचणीनं दार उघडून दिलं. अशा वेळी देव डोळे मिटून घेतो म्हणतात, तिनं उघडे ठेवले. मालक आत चढले, आणि वर्षानुवर्षांची सवय, स्वतःच ओरडले, "कडी घातली का?" यार्डाचा मालक स्वतःच्या तोंडानं मागून घेतो, मला कोंडा. मग ती काय नाही म्हणणार? घातली, पिळली, चापट मारली. झालं, आता आपण कालच्या जागी आलो.

जीपमध्ये बसताना तिनं मनाशी एक करार केला. फार काही करायचं नाही. जीव घ्यायचा नाही. फक्त आत बसलेल्याला काय होतं ते त्याला कळू दे. त्यानं एकदा भिंत बडवली, की पुरे. तो आवाज एकदा कानांनी ऐकायचा, आणि मग हळू चालवायचं. ताईनं जो बडवला तोच आवाज, या बदमाशाच्या हातून. त्यासाठी तिनं रेडिओ बंद केला आणि खिडकीची काच पार खाली केली.

फाटकाबाहेरचा पहिला गतिरोधक तिनं मनापासून घेतला. कान टवकारले. काही नाही. पुढचा त्याहून प्रेमानं घेतला. मागून टिचकीसुद्धा नाही. "मुरलेला आहे," ती म्हणाली. मग खोदून ठेवलेला रस्ता आला. बाजूनं चांगली वाट होती, तिनं मधली धरली. जीपमधल्या उश्या तिच्या डोक्यावर आल्या. इंजिन घरघरत होतं, वारा कानात भरत होता, मागून आवाज नाही तो नाहीच.

आता तिला राग येऊ लागला, नव्यानं. आपण आयुष्यभर ज्याची वाट बघितली ती घटका आली, आणि हा माणूस आत आरामात दाढी करतोय? आमच्याच गादीवर पडून शीळ घालतोय? "थांब, तुझी दाढी करते," म्हणत तिनं दात-ओठ खाल्ले आणि उतार लागला तसा पाय दाबला.

ही मोठी घरगाडी होतीच मागून जड. पहिल्यांदा असं वाटलं, कुणी जीपला कमरेशी धरून हलकेच हलवतंय. मग जोरात. आरशात बघते तर घरगाडी रस्त्याच्या या कडेला, मग त्या कडेला. आणि समोरून स्कूटरवर एक म्हातारा आणि मागं त्याची म्हातारी. म्हाताऱ्यानं स्कूटर कडेच्या मातीत घातली. जाता जाता टाचणीला म्हातारीचं तोंड दिसलं, आ वासलेलं, आणि त्यातनं निघालेली किंकाळी काही ऐकू आली नाही. उघड्या खिडकीतून, इतक्या जवळून, तरी नाही.

 ब्रेकवर जाणारा पाय टाचणीनं आवरला, कारण ब्रेक मारला असता तर मागचं धूड पुढं आलं असतं. तिनं नुसता वेग सोडला आणि स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरून ठेवलं. शेपूट हलता हलता दमलं. आरशात म्हातारा-म्हातारी धडधाकट उभी राहून तिला शिव्या घालताना दिसली. त्याही ऐकू आल्या नाहीत. दिसल्या मात्र स्पष्ट.

मग तिला भीती वाटली ती मागची. इतकं झालं तरी आवाज नाही. मेला की काय? आपण काय करून बसलो? मैदानाचं फाटक समोर दिसत होतं. तिनं जीप कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

आणि मग ऐकू आलं.

धाड! धाड! धाड! पत्रा आतून बाहेर येत होता. "उघड! अगं ए टाचणे! उघड! मेलो!" टाचणी पळत दाराशी गेली. हात कडीवर ठेवला आणि विचारलं, "मालक, कधीपासून ठोकताय?"

"फाटकापासून! पहिल्या दणक्यापासून ठोकतोय! हात सोलले माझे! बहिरी आहेस का तू?"

टाचणी तिथंच थिजली. जे ऐकायला इतकी वर्षं कान लावून बसली होती, ते सारा रस्ताभर चालू होतं, आणि तिला ते मिळालंच नव्हतं. रेडिओ बंद, काच खाली, जीव कानात आणलेला, तरी अक्षर ऐकू आलं नाही. डोळ्यांसमोर आले भाऊजी, शांतपणे पाय आवरणारे.

पण हात अजून कडीवर होता, आणि मालक अजून आत. मैदानातली गिऱ्हाइकं आवाजानं फाटकापाशी जमली होती. टाचणीनं कडी सोडली नाही. मोठ्यानं विचारलं, "मालक, त्या दिवशी माझ्या बहिणीला आत झोपायला कुणी सांगितलं?"

"आधी उघड!"

"कुणी सांगितलं?"

"मी! मी सांगितलं! बास?"

"आणि ती नाचत होती?"

 आतून आवाज आला, पडलेला. "इथं उभं राहता येत नाही गं. नाचणार कुठनं?"

टाचणीनं कडी काढली. आणि मंडळी, जे बाहेर आलं ते बघण्यासारखं होतं. अर्ध्या तोंडाला साबण, अर्धी दाढी, एक मिशी शाबूत आणि दुसरी निम्मी. सुटाच्या विजारीत एकच पाय, दुसरी बाजू मागून फरफटत. केसांत कपबशीचे तुकडे. कपाळावर कपाटाच्या मुठीएवढं टेंगूळ. हातात वस्तरा नव्हता, तो पहिल्याच दणक्याला सिंकमध्ये गेला होता, आणि गेला म्हणून गळा राहिला.

गिऱ्हाइकांत एक सेवानिवृत्त बाई होत्या. त्यांनी सरळपणानं विचारलं, "काय हो, आमच्या सासूबाईंना आत झोपवून नेता येईल ना? जाहिरातीत घरासारखं लिहिलंय."

"झोपवून?" मालक किंचाळले. "वैरिणीलाही झोपवू नका! खाली उतरवा, जीपमध्ये बसवा, पट्टा बांधा! आत कुणी मेलं तरी पुढं कळत नाही!" हे म्हणता म्हणता त्यांची नजर टाचणीवर गेली आणि तोंड तसंच उघडं राहिलं.

टाचणीला वाटलं, आयुष्यात एवढी गोड वाक्यं आपण ऐकली नाहीत. ती ऐकून घेतली, मुरू दिली, आणि गाडीतून आपली सुरी आणि सुया काढून घेतल्या. मालक भानावर येऊन ओरडले, "उद्यापासून यार्डात पाऊल ठेवू नकोस!" ती म्हणाली, "तुमच्या खुर्चीची गादी डावीकडून बोटभर उसवा. पाठ बरी होईल." आणि चालू लागली. काम गेलं ते गेलंच. पुढं तिनं घरीच गाद्या शिवायला सुरुवात केली. यार्डाच्या फाटकावर मात्र पाटी लागली, चालत्या घरगाडीत आत बसू नये. रंगवली रंगाऱ्यानंच, आणि अक्षरं गरजेपेक्षा दुप्पट मोठी काढली.

त्या दिवशी ती घरी गेली नाही. तडक भाऊजींच्या दुकानात गेली. ताईसुद्धा पोस्टातून येऊन तिथंच टेकली होती. भाऊजी डोळ्याला भिंग लावून कुणाच्या तरी घड्याळात वाकलेले.

"भाऊजी," टाचणी म्हणाली.

भाऊजींनी मान वर केली नाही. सवयीनं बायकोला म्हणाले, "अगं, तुझी बहीण काहीतरी म्हणतेय बघ."

"तिला नाही, तुम्हाला म्हणतेय. भाऊजी, मलाही ऐकू आलं नाही."

भाऊजींनी भिंग काढलं. टाचणीनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं, कडीपासून टेंगळापर्यंत. स्कूटरवरच्या म्हातारीचं तर दोनदा सांगितलं. ताई काठीवर हनुवटी टेकून ऐकत होती. मिशीचं ऐकून हसली, मग डोळे पुसले, मग पुन्हा हसली. भाऊजींनी हातातलं घड्याळ खाली ठेवलं. "मी सांगत होतो," एवढंच म्हणाले.

"सांगत होता. मी ऐकलं नाही," टाचणी म्हणाली. आणि त्यांच्या पायाशी जमिनीवरच बसली.

भाऊजींनी तिच्याकडं स्टूल सरकवलं. मग इतक्या वर्षांनी पहिल्यांदा तिला थेट विचारलं, "मग? आता मालकावरचा राग गेला असेल. केलंस का त्याला माफ?"

"माफ? छे हो भाऊजी! तुमच्यासाठी जपून ठेवलेला राग आज मोकळा झाला ना, तोसुद्धा त्यालाच देऊन टाकलाय."